लष्करी तळांचे स्थलांतर आणि प्रादेशिक अर्थविकास : उल्हासनगर व नेवाळीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

लष्करी तळ बंद झाला, हलविला गेला वा त्याचा आकार कमी झाला, तर सभोवतालच्या प्रदेशाच्या आर्थिक वाढीवर कोणते परिणाम होतात, हा प्रश्न प्रादेशिक अर्थशास्त्रात प्रामुख्याने अमेरिकन अनुभवाच्या आधारे चर्चिला गेला आहे. १९८८, १९९१, १९९३, १९९५ आणि २००५ अशा पाच फेऱ्यांमध्ये अमेरिकन शासनाने आपल्या तळांची फेररचना केली आणि त्या निमित्ताने अभ्यासाचे एक स्वतंत्र दालनच उघडले. या अभ्यासांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांची प्रश्न विचारण्याची पद्धत जशीच्या तशी उचलून भारतीय परिस्थितीला लावली असता हाती काय लागते आणि काय निसटते, याची चिकित्सा झालेली दिसत नाही. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील दोन युद्धकालीन तळांच्या आधारे ती करण्याचा प्रयत्न आहे : कल्याणजवळची संक्रमण छावणी, म्हणजेच आजचे उल्हासनगर, आणि तेथून काही किलोमीटरवर असलेली नेवाळीची धावपट्टी.

प्रचलित मांडणी आणि तिची मर्यादा

या अभ्यासांच्या मुळाशी बहुधा 'आर्थिक आधार सिद्धान्त' असतो. डग्लस नॉर्थ यांनी १९५५ मध्ये त्याची जी मांडणी केली, तिचा मथितार्थ असा की, प्रदेशाबाहेरून पैसा आणणारे व्यवसाय हे वाढीचे इंजिन होत, उरलेले व्यवसाय त्यांच्या मागे चालतात. (चार्ल्स टिबू यांनी पुढच्याच वर्षी यावर आक्षेप घेतला होता, पण तो पुष्कळदा विसरला जातो.) या दृष्टीने सैनिकाचा पगार हा बाहेरून येणारा पैसा ठरतो. तळ गेला की तो आटतो, किराणा दुकानदारापासून घरमालकापर्यंत सर्वांना झळ बसते, आणि किती झळ बसली हे गुणकाच्या साहाय्याने मोजता येते.

प्रत्यक्षात मोजणी केल्यावर मात्र चित्र वेगळे निघाले. रँड संस्थेने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील तीन बंद तळांचा अभ्यास केला, तेव्हा वर्तविलेल्या भाकितांपेक्षा हानी बरीच कमी असल्याचे आढळले. हुकर आणि नेटर यांच्या २००१ च्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच आहे : रोजगाराची हानी सरासरीने थेट गेलेल्या नोकऱ्यांपुरती मर्यादित राहिली आणि दरडोई उत्पन्नावर फारसा परिणाम झाला नाही. या निष्कर्षांवरून 'तळ गेल्याने प्रदेश बुडत नाही' असे एक दिलासादायक सूत्र तयार झाले.

हे सूत्र चुकीचे आहे असे नाही, पण ते अर्धेच आहे. या अभ्यासांत रोजगार मोजला जातो, उत्पन्न मोजले जाते, आणि जमीन मात्र गृहीत धरली जाते. तळाची जमीन कोणाची हे अमेरिकेत सहसा ठाऊक असते. ती हस्तांतरित करण्याची कायदेशीर यंत्रणा ठरलेली असते, आणि १९९४ मध्ये बंद झालेल्या फोर्ट ऑर्डच्या जागेवर पुढच्याच वर्षी विद्यापीठ सुरू होऊ शकते. फिलिपाईन्समध्येही अमेरिकन नौदल सुबिक उपसागरातून बाहेर पडत असतानाच, १९९२ मध्ये, तळांच्या रूपांतरासाठी स्वतंत्र कायदा झाला होता. म्हणजे ज्याला तळ बंद होण्याचा परिणाम म्हणून सांगितले जाते, त्यातील बराच मोठा भाग हा जमीन तत्परतेने मोकळी होण्याचा परिणाम असतो. ठाण्यातील वाचकाला याचे बिगरलष्करी उदाहरण घराजवळच सापडेल. खोपटपासून काही किलोमीटरवरील कोलशेत येथे क्लॅरियंटचा रासायनिक कारखाना गेला, जमीन लोढा समूहाकडे आली आणि काही वर्षांत निवासी मनोरे उभे राहिले. कारखाना गेल्याने हे घडले असे म्हणण्यापेक्षा विकता येण्याजोगी जमीन मोकळी झाल्याने घडले, असे म्हणणे अधिक रास्त होय. त्याच कोलशेतात वायुदलाचे केंद्रही आहे.

बराकींचे शहर

कल्याणची मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प ही दुसऱ्या महायुद्धाची निर्मिती. दोन हजारांहून अधिक बराकी, रस्ते, पाण्याची सोय आणि लोहमार्गाचे सान्निध्य असा हा पसारा युद्ध संपताच ओस पडला. गुणकाच्या हिशेबाने पाहिले तर या छावणीच्या जाण्याने कल्याणचे फारसे बिघडायचे कारण नव्हते. सैनिक येत आणि जात, रसद बाहेरून येई. छावणीने मागे काय ठेवले, हाच महत्त्वाचा प्रश्न होता. तिने मागे ठेवली ती पायाभूत सुविधांसह जमीन. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना याच बराकींत आश्रय मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. शहराच्या भागांना आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार अवघ्या तेरा चौरस किलोमीटरच्या आसपासच्या या क्षेत्रात ५,०६,०९८ लोक राहत होते.

उल्हासनगरच्या भरभराटीचे श्रेय सामान्यतः सिंधी समाजाच्या उद्यमशीलतेला दिले जाते. फर्निचर, कापड, जीन्स, मिठाई आणि 'मेड इन यूएसए'चा तो सर्वश्रुत विनोद, असे सारे या कथनात येते. उद्यमशीलता नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु तिला एकमेव कारण मानणाऱ्या कथनात राज्यसंस्थेने दिलेले छप्पर, पाणी आणि रेल्वे ही भांडवली मदत अदृश्य होते. मुंबईच्या जवळिकीचे कारणही पुरेसे नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. तीही पुढे सिंधी निर्वासितांना मिळाली आणि तिचे गांधीनगर झाले, कापडाच्या घाऊक व्यापाराची मोठी पेठ. तेथे मुंबई जवळ नव्हती. दोन्हीकडे समान होते ते बांधून तयार असलेले वसतिस्थान आणि ते नागरी वापरासाठी देण्याचा शासनाचा निर्णय.

या निर्णयाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) अधिनियम १९५४ खाली मालकी देण्याची प्रक्रिया सुरू झाली, पण वस्ती तिच्या कितीतरी पुढे धावली. बराकीच्या खोलीला माळा, माळ्यावर मजला, मग बराक पाडून इमारत, अशी ही वाढ झाली. २००५ च्या सुमारास ८५५ अनधिकृत इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गाजला आणि २००६ मध्ये केवळ या शहरासाठी नियमितीकरणाचा कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून जीवितहानी झाली. वालधुनी नदीची अवस्था सर्वांसमोर आहे. ही किंमत 'तळाच्या यशस्वी रूपांतरा'च्या हिशेबात कोणत्या रकान्यात मांडायची, याचे उत्तर दरडोई उत्पन्नाचे कोष्टक देत नाही.

नेवाळीची धावपट्टी

काटई–बदलापूर मार्ग आणि श्रीमलंगगडाकडे जाणारा रस्ता मिळतात तो नेवाळी नाका. या परिसरात ब्रिटिशांनी युद्धकाळात विमानांसाठी धावपट्टी बांधली आणि भोवतालच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. उल्हासनगर आणि नेवाळी यांचा उगम एकाच युद्धातला आणि एकाच तालुक्याच्या आसमंतातला. तरीही पुढच्या पाऊणशे वर्षांत त्यांची वाटचाल पूर्ण भिन्न झाली. सैन्य येथूनही गेले, पण जमीन संरक्षण खात्याच्या नावावर राहिली. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, जमीन युद्धापुरती घेतली होती आणि ती परत मिळायला हवी. नौदलाची भूमिका ही की जमीन संरक्षण खात्याची आहे. वाद कायद्याच्या भाषेत 'अधिग्रहण' आणि 'संपादन' या दोन शब्दांमधला आहे. अधिग्रहणात ताबा जातो, मालकी राहते. संपादनात मालकीच जाते.

दरम्यान अनेक शेतकरी ही जमीन कसत राहिले. ज्या जमिनीचा सातबारा नावावर नाही तिच्यावर पीककर्ज मिळत नाही, ती विकता येत नाही, तारण ठेवता येत नाही, आणि मुलांसाठी घर बांधायचे तर परवानगीही नाही. भोवती कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ वाढत असताना हा पट्टा अर्थशास्त्राच्या दृष्टीने गोठलेला राहिला. २०१७ मध्ये नौदलाने कुंपणभिंतीचे काम सुरू केल्यावर २२ जूनला आंदोलन पेटले, पोलिसांची वाहने जाळली गेली, दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. त्या दिवसांतील वार्तांकनात हा कायदा व सुव्यवस्थेचा विषय होता. प्रस्तुत लेखकाच्या मते तो तळ-रूपांतराच्या अर्थशास्त्राचा विषय आहे, आणि त्या अर्थशास्त्राने नेवाळीकडे पाहिलेच नाही, कारण येथे बंद झालेली नोकरी नाही, घटलेला पगार नाही, मोजण्याजोगा धक्का नाही. न झालेली वाढ कोष्टकात दिसत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. जमीन १९४६ मध्येच परत मिळाली असती तर ती आज विकसकांच्या हाती असती, शेतकऱ्यांच्या नव्हे. सभोवतालची गावे पाहता हे खरेही ठरले असते. येथील कित्येक गावे १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. या काळात तेथे चाळी आणि इमारती कोणत्या रीतीने उभ्या राहिल्या हे उघड आहे. तथापि विकण्याचा निर्णय आणि विक्रीची किंमत यांवर ज्याचा हक्क, त्याच्या पदरात वाढीचा काही अंश तरी पडतो. नेवाळीत तो हक्कच लोंबकळत राहिला. शिवाय उल्हासनगरच्या यशाकडे पाहतानाही, छावणीखाली गेलेल्या मूळ शेतजमिनींच्या मालकांचे पुढे काय झाले हा प्रश्न रूढ कथनात कोणी विचारत नाही. निर्वासितांचे पुनर्वसन ही त्या काळाची निकड होती, ती मान्य करूनही तो विचारला पाहिजे.

पुढील अभ्यासाविषयी

हा विषय केवळ इतिहासाचा उरलेला नाही. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल छावणीपासून कटक मंडळे विसर्जित करण्याचे धोरण अमलात येऊ लागले. नागरी भाग लगतच्या स्थानिक संस्थेत आणि उरलेला भाग लष्कराकडे, अशी ही विभागणी आहे. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी अशी सात कटक मंडळे या धोरणाच्या कक्षेत येतात. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी मोडीत निघून त्याच्या सात कंपन्या झाल्या, आणि अंबरनाथची आयुध निर्माणी व तिच्या शेजारचा यंत्र-हत्यार कारखाना दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. या साऱ्या फेरबदलांचे मूल्यमापन करताना अभ्यासक पुन्हा रोजगाराच्या आकड्यांपासून सुरुवात करतील, अशी शक्यता अधिक आहे, कारण ते आकडे सहज मिळतात.

त्यापेक्षा अवघड, पण अधिक फलदायी साधन गावच्या दप्तरात आहे. १९४० च्या दशकातील फेरफार नोंदी, त्यांतील 'सरकार' या शब्दाचा नेमका अर्थ, मोबदल्याच्या पावत्या आणि त्यानंतरचे सातबारे गावनिहाय लावून पाहिल्यास कोणती जमीन केव्हा, कोणत्या अटीवर, कोणाकडे गेली हे कळेल. त्यासाठी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला मोडी वाचणारा इतिहासाचा आणि महसुली कायदा जाणणारा सहकारी सोबत लागेल. नेवाळी परिसरातून आमच्या वर्गांत बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या घरी यांपैकी कागद आहेत. तेथूनही प्रारंभ करता येईल.