वाढत्या शहरातील स्थानिक वाहतुकीचे मूल्यमापन : पुण्याच्या संदर्भात निर्देशकांची चिकित्सा

प्रस्तावना

शहराची वाढ सर्व दिशांनी सारख्या गतीने होत नाही. जनगणनेनुसार पुणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये २५.३८ लाख होती, ती २०११ मध्ये ३१.२४ लाख झाली. याच दशकात पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १०.१२ लाखांवरून १७.२७ लाखांवर पोहोचली. पहिली वाढ सुमारे २३ टक्के, तर दुसरी सुमारे ७१ टक्के होती. या वाढीला प्रतिसाद म्हणून पुणे महानगरपालिका व पिंपरी-चिंचवड महानगरपालिका यांचे स्वतंत्र परिवहन उपक्रम एकत्र करून २००७ मध्ये पुणे महानगर परिवहन महामंडळाची स्थापना करण्यात आली. अशा सेवेचे मूल्यमापन ज्या निर्देशकांच्या आधारे केले जाते, त्यांतून प्रवाशाची स्थिती कितपत व्यक्त होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मानकांची पार्श्वभूमी

रस्ते परिवहन उपक्रमांचे मूल्यमापन पूर्वापार ताफ्याचा वापर, प्रति बस प्रतिदिन धाव, प्रति किलोमीटर उत्पन्न व खर्च, तसेच प्रति बस कर्मचारीसंख्या या निकषांवर होत आले. हे सर्व निकष संस्थेची कार्यक्षमता सांगतात. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य दिले. त्यानंतर केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००९ मध्ये नागरी वाहतुकीची सेवास्तर मानके मांडली. प्रत्येक निर्देशकासाठी चार स्तर ठरवून त्यांत दर हजारी बसची उपलब्धता, सेवेची व्याप्ती, सरासरी प्रतीक्षाकाळ व भारांक यांचा समावेश केला. प्रवाशाच्या प्रतीक्षेला अधिकृत मोजमापात स्थान मिळाले, हे या मानकांचे निर्विवाद श्रेय होय. परंतु मोजण्याची पद्धत मात्र बऱ्याच अंशी जुन्याच दृष्टीची राहिली.

सरासरीची मर्यादा

मानकांनुसार प्रतीक्षाकाळ चार मिनिटांपर्यंत असल्यास पहिला स्तर, चार ते सहा मिनिटे असल्यास दुसरा आणि दहा मिनिटांहून अधिक असल्यास चौथा स्तर मिळतो. एखाद्या मार्गावर अर्ध्या तासात तीन बस धावतात असे मानू. त्या दर दहा मिनिटांनी आल्यास सरासरी प्रतीक्षा पाच मिनिटांची होते. मात्र त्याच तीन बस दोन, तीन व पंचवीस मिनिटांच्या अंतराने आल्या, तर सरासरी प्रतीक्षा सुमारे १०.६ मिनिटांवर जाते, कारण बहुसंख्य प्रवासी दीर्घ खंडातच थांब्यावर येतात. बसची संख्या, फेऱ्या व किलोमीटर यांत काहीही फरक नसताना सेवा दुसऱ्या स्तरावरून चौथ्या स्तरावर उतरते. केवळ वेळापत्रकावरून काढलेल्या सरासरीत ही घसरण दिसत नाही.

भारांकाबाबतही हेच म्हणता येईल. एका बसमध्ये ८० व दुसरीत २० प्रवासी असल्यास प्रति बस सरासरी ५० येते. प्रत्यक्षात शंभरपैकी ८० प्रवाशांनी गर्दीच अनुभवलेली असते. शिवाय आसनक्षमतेच्या दीडपट भार हाही पहिल्याच स्तरात मोडतो. म्हणजे चाळीस आसनांच्या बसमध्ये वीस प्रवासी उभे असले तरी ती सेवा सर्वोत्तम ठरते. वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुले सोबत असलेल्या माता यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष स्वीकारणे कठीण आहे.

छेदाचा प्रश्न

दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस हे पहिल्या स्तराचे मानक आहे. २०११ ची दोन्ही शहरांची लोकसंख्या सुमारे ४८.५ लाख धरल्यास त्यासाठी सुमारे २,९०० बस आवश्यक ठरतात. परंतु वाढत्या शहरात हा छेद स्थिर राहत नाही. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. हद्द वाढताच एकही फेरी कमी न होता दर हजारी उपलब्धता घटते. उलटपक्षी, जुन्या जनगणनेचा आकडा वापरत राहिल्यास उपलब्धता आहे त्याहून अधिक दिसते. शिवाय संपूर्ण शहरासाठी काढलेला एकच आकडा मध्यवर्ती पेठा आणि नव्याने समाविष्ट झालेली गावे यांतील तफावत झाकून टाकतो.

न मोजलेला प्रवासी

या निर्देशकांचा सर्वांत गंभीर दोष असा की, जो प्रवासी बसपासून दुरावला त्याची नोंद सेवेच्या निर्देशकांत कोठेही होत नाही. फेऱ्यांच्या अनिश्चिततेला कंटाळून एखाद्याने दुचाकी घेतली, तर बसमधील गर्दी कमी होते आणि भारांक सुधारतो. उपनगरातील तोट्याचा मार्ग बंद केल्यास प्रति किलोमीटर उत्पन्न वाढते. भाडेकराराने घेतलेल्या बसचा मोबदला धावलेल्या किलोमीटरवर दिला जातो, तेव्हा ठेकेदाराचे लक्षही स्वाभाविकपणे प्रवाशापेक्षा अंतराकडे राहते. अशा प्रकारे सेवा आकुंचित होत असताना निर्देशक मात्र प्रगती दर्शवू शकतात.

२०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर व प्रवासाचे साधन यांची माहिती घेण्यात आली, ही महत्त्वाची भर होती. तथापि शाळा, दवाखाना, बाजार यांसाठीचा प्रवास तिच्या कक्षेबाहेर राहिला. घरकाम व संगोपनाची जबाबदारी सांभाळणाऱ्या स्त्रियांचा प्रवास प्रामुख्याने याच स्वरूपाचा, लहान टप्प्यांचा व गर्दीच्या वेळेबाहेरचा असतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून मानके टाकून द्यावीत असे सूचित होत नाही, त्यांची मोजणी बदलावी एवढेच सूचित होते. प्रथम, प्रतीक्षाकाळ सरासरीऐवजी खंडांच्या विषमतेसह नोंदवला जावा. बसमधील स्थाननिश्चिती यंत्रणेमुळे हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दुसरे, उपलब्धतेचे आकडे प्रभागनिहाय प्रसिद्ध व्हावेत. तिसरे, रद्द झालेल्या फेऱ्या आणि सकाळची पहिली व रात्रीची शेवटची बस यांचा स्वतंत्र निर्देशक असावा, कारण पाळीने काम करणाऱ्यांचा रोजगार त्यांवर अवलंबून असतो. चौथे, २०२२ पासून मेट्रो अंशतः सुरू झाल्यामुळे घर ते स्थानक हा टप्पाही मूल्यमापनात यावा. दोन्ही महानगरपालिका महामंडळाची तूट ६०:४० प्रमाणात उचलतात, म्हणजेच तिचा भार अखेर नागरिकांवरच असतो. त्यामुळे बस किती धावली याबरोबरच ती कोणापर्यंत पोहोचली नाही, याचा हिशेब मागण्याचा अधिकारही नागरिकांना आहे.