चौथ्या गाण्यापर्यंत

अमेरिकेतल्या 'पॉप' आणि 'हिप-हॉप' संगीतावर दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो आहे हे कळल्यावर आमच्या मंडळींनी चकलीचा सोऱ्या खाली ठेवला आणि "तुम्ही?" एवढेच विचारले. प्रश्न रास्त होता. माझे कान भीमसेन आणि वसंतराव यांच्यावर पोसलेले. त्या कानांनी १९९८ सालच्या चार तबकड्यांविषयी बोलावे हे आगाऊपणाचे आहे, हे मला मान्य आहे. पण या लेखामागे एक जुने देणे आहे. ते फेडल्याशिवाय मला यंदाचा फराळ गोड लागायचा नाही.

१९९८ च्या दिवाळीत माझी भाची न्यू जर्सीहून आली होती. तिथे ती डॉक्टरेटचा अभ्यास करीत होती. फराळ झाल्यावर ती म्हणाली, "मामा, तुम्हांला एक गाणं ऐकवायचंय." तबकडी लागली. शाळेची घंटा वाजली. एक मास्तर हजेरी घेऊ लागले. मुले एकामागून एक ओ देत होती. मास्तरांनी लॉरिन हिल हे नाव पुकारले, उत्तर नाही. पुन्हा पुकारले, नाही. मी म्हणालो, "अगं, हजेरी संपून गाणं कधी सुरू होणार?" सगळे घर हसले. भाचीही हसली, आणि तिने यंत्र बंद केले. माझा तो विनोद पुढे घरात पंचवीस वर्षे चालला.

आता त्या सालाकडे वळतो. वर्ष मोठे भाग्याचे होते. मॅडोनाची 'रे ऑफ लाइट' आली ती वर्षाच्या आरंभी. विल्यम ऑर्बिट या इंग्रज निर्मात्याने यंत्रातून काढलेल्या त्या चमकत्या स्वरांत ही बाई प्रथमच अंतर्मुख झालेली दिसते. तिला नुकतीच मुलगी झाली होती, आणि योगाभ्यासही सुरू होता. तिने एक गाणे चक्क संस्कृतात म्हटले आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'योगतारावली'तला पहिला श्लोक त्यात आहे. मूळ श्लोकाच्या पहिल्या दोन ओळी शुद्ध इंद्रवज्रेत आहेत. त-त-ज-ग-ग असे गण पाडत ज्यांचे बालपण गेले त्यांनी हे गाणे जरूर ऐकावे, आणि रागावू नये. लघुगुरूंचे वजन तिथे तबल्यासारख्या ठोक्याखाली चेपले गेले आहे हे खरे. पण उच्चारांमागे कष्ट आहेत. आमच्याकडे सत्यनारायणाच्या पूजेत याहून वाईट संस्कृत मी दक्षिणा देऊन ऐकले आहे.

मात्र 'रे ऑफ लाइट'चा अध्यात्मभाव मला थोडा नवा कोरा वाटतो. घडी न मोडलेल्या शालूसारखा.

'आउटकास्ट' या जोडीची 'ॲक्वेमिनी' ही याच्या उलट, पुरती वापरलेली, घामाचा वास असलेली गोष्ट आहे. बिग बॉय आणि आंद्रे हे दोघे अटलांटाचे, म्हणजे दक्षिणेचे. हिप-हॉप जन्मले न्यू यॉर्कात, आणि १९९५ साली तिथल्याच एका पारितोषिक-समारंभात या दोघांची हुर्यो उडवली गेली होती. त्यांनी उत्तर दिले ते असे तीन वर्षांनी. तबकडीचे नाव दोघांच्या राशींच्या सांध्यातून झाले आहे: कुंभ आणि मिथुन. (आपल्या पंचांगाप्रमाणे दोघांच्या जन्मवेळी रवी अनुक्रमे मकरेत आणि वृषभेत येतो, पण तक्रार करण्यात अर्थ नाही, जोडी जमली आहे.) यात खरी वाद्ये आहेत, रेंगाळणारी पितळी शिंगे आहेत, आणि 'रोझा पार्क्स' या गाण्याच्या मध्यावर आंद्रेच्या सावत्र वडिलांनी, एका धर्मोपदेशकाने, वाजवलेला माउथऑर्गन आहे. तो अचानक उसळतो आणि जणू गावजत्राच अंगावर येते. बसमधली जागा न सोडणाऱ्या त्या वृद्ध बाईंना मात्र आपले नाव असे वापरलेले रुचले नाही. त्यांनी १९९९ साली दावा लावला. तो २००५ साली मिटला. संगीत म्हणून विचाराल तर त्या वर्षी याहून समृद्ध काही झाले असे मला वाटत नाही.

त्याच दिवशी, २९ सप्टेंबरला, ब्रुकलिनच्या जे-झीचीही तबकडी निघाली. 'ॲनी' या १९७७ च्या संगीतिकेतला अनाथ मुलींचा कोरस उचलून त्याने आपल्या गल्लीच्या कहाणीला जोडला. कल्पना अचूक, बाकीच्या तबकडीत मला हिशेबाची वही अधिक दिसली. तिला ग्रॅमी मिळाले.

आणि लॉरिन हिल. 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' आली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. कार्टर वुडसन यांच्या १९३३ सालच्या, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणावरील ग्रंथाचा पडसाद या नावात आहे. ती गाते आणि रॅपही करते. म्हणजे तालात पद्य बोलते. ही दोन कामे वेगळी माणसे करीत आली होती. तिच्यात बोलणे कुठे संपते आणि गाणे कुठे उगवते ती जागा सापडत नाही. कीर्तनात निरूपणातून पदात शिरणाऱ्या बुवांची तेवढी मला आठवण झाली. आवाज किंचित खरबरीत आहे, स्वर कधी काठावरून घसरतो, पण शब्दाला कळ लागते. फेब्रुवारी १९९९ मध्ये या तबकडीला वर्षातील सर्वोत्कृष्ट आल्बमचे ग्रॅमी मिळाले. हिप-हॉपला हा मान प्रथमच मिळत होता.

दोष आहेत. तबकडी लांबली आहे, उपदेश जरा जास्त आहे, आणि मधल्या वर्गातल्या गप्पा तिसऱ्यांदा ऐकताना कंटाळा येतो. (त्या मास्तरांचे काम करणारे रास बराका पुढे २०१४ साली नेवार्क शहराचे महापौर झाले.) शिवाय साथीच्या काही संगीतकारांनी श्रेय मिळाले नाही म्हणून न्यायालय गाठले, प्रकरण २००१ साली आपसांत मिटले. यानंतर तिने स्टुडिओत घडवलेली दुसरी तबकडी एकट्याने आजतागायत काढलेली नाही.

तरीही पहिले पान मी तिलाच वाढतो, ते चौथ्या गाण्यासाठी. 'टू झायन' हे तिच्या पहिल्या मुलाविषयी आहे. कीर्ती दाराशी आली असताना तिला दिवस गेले. आधी करिअरचा विचार कर, असे तिला सांगण्यात आले होते. तिने मूल निवडले. मागे कार्लोस सँटानाची गिटार आहे आणि पलटणीच्या संचलनासारखा ढोल. अंगाईला असा रणवाद्याचा ठेका मी कधी ऐकला नव्हता; आणि तो तिथे शोभतो, कारण ते गाणे लढूनच म्हणावे लागले आहे.

हे मला कळले दोन वर्षांपूर्वी, भाचीचा मुलगा इकडे आला होता तेव्हा. त्याच्या फोनवर त्याने ते लावले आणि सहज म्हणाला, "आजोबा, आई मला हे माझं गाणं म्हणते." तो जून १९९९ चा. मी बोटांवर महिने मोजले.

त्या दिवाळीत भाचीला दिवस गेले होते, आणि अभ्यास अर्धा राहिला होता. घरात कुजबुज होती. आदल्याच रात्री तिला बाजूला घेऊन, वडीलकीच्या स्वरात, "आधी शिक्षण पुरं कर, बाकीचं मागाहून," असे सांगणारा मीच होतो. दुसऱ्या दिवशी ती मला उत्तर ऐकवायला बसली होती, आणि मी हजेरीवरच कोटी केली.

गेल्या आठवड्यात तिला फोन केला. म्हटले, "चौथं गाणं ऐकलं." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "मामा, पाचवंही चांगलं आहे."