वारसांचा न्याय

बापाच्या दुकानाचें मुलांनीं काय केलें, हा प्रश्न स्टेफानो मासिनी या इटालियन लेखकाच्या ‘लेहमन ट्रिलॉजी’ या नाटकाच्या मुळाशीं आहे. हेन्री लेहमन हा बव्हेरियांतील ज्यू तरुण १८४४ सालीं अमेरिकेंत आला आणि माँटगोमेरी येथें त्यानें कापडाचें दुकान थाटलें. मागाहून दोघे भाऊ येऊन मिळाले. पुढें कापसाची दलाली आली, न्यूयॉर्कची पेढी आली. पुतण्या फिलिप याच्या हातीं माल उरला नाहीं, उरले रोखे. सॅम मेंडिस यांनीं २०१८ सालीं लंडनांत बसविलेल्या प्रयोगांत तीनच नट आजे, बाप व नातू होतात. घरांतील सुतक पिढीगणिक आखूड होत जातें, ही योजना तर फारच मार्मिक आहे.

परंतु नाटककाराचा निवाडा आम्हांस मान्य नाहीं. बापांनीं वस्तू विकल्या आणि मुलांनीं हवा, असा त्याचा एकंदर सूर आहे. वास्तविक तो कापूस गुलामांच्या श्रमांवर पिकत होता. गल्ला आरंभापासूनच निष्कलंक नव्हता. शिवाय सर्वच मुलें गल्ल्यावर बसलीं नाहींत. धाकट्या मायरचा पुत्र हर्बर्ट १९३३ सालीं न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर झाला. पेढी २००८ सालीं बुडाली. घराण्यांतील शेवटचा धनी रॉबर्ट १९६९ सालींच वारला होता.

मुलांनीं बापाचा धंदा टाकला, हा आरोप करण्यापूर्वीं एवढें आठवावें, कीं हेन्रीचा बाप गुरांचा व्यापारी होता. हेन्रीनें तरी गुरें कोठें विकलीं?