उच्चाराच्या क्रमाशी इमान

उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू किंवा उर्दू आणि डावीकडून उजवीकडे जाणारी मराठी किंवा इंग्रजी एकाच ओळीत आली, की कोणते अक्षर पडद्यावर कुठे दिसावे? हे ठरवणारी नियमावली म्हणजे ‘युनिकोड बायडायरेक्शनल अल्गोरिदम’. युनिकोड प्रमाणाचे हे परिशिष्ट क्रमांक ९; मार्क डेव्हिस दीर्घकाळ त्याचे संपादक होते. भाषा कोरडी, कलमे आकड्यांची. तरीही एका तत्त्वाला शेवटपर्यंत धरून राहणारी रचना म्हणून ती मला सुंदर वाटते.

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा गावात बसून वाचताना तिचा विषय परका राहत नाही. वऱ्हाडात मराठीच्या शेजारी उर्दू पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. ज्या अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्याच अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावरची उर्दू सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये कायम राखली. हिब्रूशीही मराठीचा घरोबा जुना आहे. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची मायबोली मराठी. त्यांच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ ही पोथी हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात शिळाछापावर निघाली. शिळाछापात मजकूर हाताने लिहिला जाई. कोणती ओळ कुठून सुरू करायची हे लिहिणाऱ्याचा हात जाणत असे, आणि एकदा छापलेले पान पुन्हा हलत नसे. पडद्यावरची ओळ मात्र प्रत्येक अक्षरागणिक बदलते. त्या हाताचा विवेक नियमांत उतरवायचा, हे या परिशिष्टाने पत्करलेले काम.

त्याचे मूळ तत्त्व असे: संगणकाच्या स्मृतीत मजकूर उच्चाराच्या क्रमानेच राहील, डोळ्यांसाठीचा क्रम दाखवतानाच घडवला जाईल. मराठी वाचकाला हे नवे नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या डावीकडे दिसते, पण संगणकात आधी क साठतो आणि मग वेलांटी, कारण आपण तसेच उच्चारतो. देवनागरीने एका अक्षरापुरते जे मानले, ते ही नियमावली सबंध ओळीला लागू करते.

त्यासाठी ती अक्षरांचा स्वभाव पाहते. देवनागरी, हिब्रू, उर्दू अक्षरे सबळ. त्यांची दिशा ठाम. इंग्रजी अंक दुर्बळ. ते शेजाऱ्याच्या प्रभावाखाली येतात. मोकळी जागा आणि बहुतेक विरामचिन्हे तटस्थ. दोन्ही बाजूंना कोण आहे त्यावर त्यांची बाजू ठरते. या वर्गवारीची खोली एका साध्या वाक्यात दिसते: ‘यंदाचा मुशायरा २५ तारखेला’. यातला ‘मुशायरा’ उर्दू लिपीत लिहा. २५ देवनागरीत असेल, तर तो उर्दू शब्दाच्या उजवीकडे, ‘तारखेला’च्या शेजारी राहतो, कारण देवनागरी अंकांना युनिकोडने अक्षरांइतकेच सबळ मानले आहे. तोच २५ इंग्रजी अंकांत टाइप केला, की तो उर्दू शब्दाच्या प्रवाहात ओढला जातो आणि त्याच्या डावीकडे जाऊन बसतो. वाचणाऱ्याला ‘यंदाचा’नंतर थेट आकडा दिसतो. टाइप करणाऱ्याला हा संगणकाचा बिघाड वाटतो. उर्दू शब्दानंतर डावी-उजवी दिशा सांगणारी एक अदृश्य खूण घातली, की आकडा जागेवर येतो.

याच वाक्यावर माउस ओढत नेला, की नियमावलीचे मर्म हाताला कळते. ‘यंदाचा’पासून उर्दू शब्दाच्या मध्यापर्यंत मजकूर निवडा. ‘यंदाचा’ रंगतो, पण उर्दू शब्दाचा फक्त उजवा अर्धा भाग रंगतो, कारण उच्चारात तो आधी येतो. मधला डावा भाग कोरा राहतो. डोळ्यांना निवड तुटलेली दिसते, पण कॉपी केलेला मजकूर सलग असतो. बॅकस्पेसही तसाच: उर्दू शब्दात तो आधी उच्चारलेले, म्हणजे उजवीकडचे अक्षर पुसतो.

सर्वांत नाजूक जागा दोन लिप्यांच्या सीमेवर आहे. ‘यंदाचा’ संपून उर्दू शब्द सुरू होतो तिथे स्मृतीत जागा एकच, पण पडद्यावर दोन. पुढचे अक्षर मराठी आले तर ते उर्दू शब्दाच्या डाव्या टोकापाशी उमटेल. उर्दू आले तर उजव्या टोकाला. मग कर्सर कुठे दाखवायचा? काही सॉफ्टवेअर तो दुभंगून दोन्हीकडे दाखवतात, काही चालू कीबोर्डची भाषा पाहून एक टोक निवडतात. हा निर्णय सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांच्या हाती आहे, आणि त्यांची समज किंवा हयगय इथेच उघड होते.

रचनेत उणेही आहे. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवून दिले, की दिशेच्या अदृश्य खुणा पेरून प्रोग्रॅम वाचणाऱ्या माणसाला एक क्रम आणि संगणकाला दुसराच देता येतो. पण ही नियमावली साचून राहिलेली नाही. त्याआधीच, २०१३ च्या युनिकोड ६.३ मध्ये, तिने ‘आयसोलेट’ ही सोय आणली: परक्या दिशेचा शब्द वेगळ्या कोंदणात ठेवायचा, म्हणजे शेजारचा आकडा किंवा कंस त्याच्या ओढीने हलत नाही. कंसांच्या जोड्या एकत्र धरून सोडवण्याचा नियमही तेव्हाच आला.

आपल्याकडे याची गरज रोजची आहे. नगरपंचायतीच्या यादीत, शाळेच्या हजेरीत, दवाखान्याच्या पावतीवर उर्दू नाव आणि मराठी मजकूर एका ओळीत यायचे, तर नावाला हे कोंदण हवे आणि चाचणीत दोन्ही प्रकारचे अंक टाइप करून पाहायला हवेत. नाव उच्चाराच्या क्रमाने साठवलेले असेल तरच ते शोधले की सापडेल आणि यादीत योग्य जागी लागेल. शब्द डोळ्यांना सरळ दिसावा म्हणून अक्षरे उलटी टाइप करणारा त्या माणसाचे नाव यंत्रापुरते पुसून टाकतो.