‘मनी नाही भाव’: फक्त ठेकाच बदलला का?

चंद्रपूर-गडचिरोलीत वाढलेल्यांना तुकडोजी महाराजांचं ‘मनी नाही भाव’ वेगळं सांगायला नको. ते गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात असतं आणि आता मिरवणुकीतल्या डीजेवरही असतं. संशोधनाला विषय शोधत असाल, तर ही दोन्ही रूपं लागोपाठ ऐका.

पहिली प्रतिक्रिया ठरलेली: डीजेच्या दणदणाटानं भजनाचं पावित्र्य घालवलं. हे गृहीतक आधी तपासा. महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरी काही शांत नव्हती. १९४२ च्या चिमूरच्या उठावामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती आणि त्याच वर्षी इंग्रज सरकारनं त्यांना अटक केली. म्हणजे जोर आणि वेग मुळातच आहेत. फरक दुसरीकडे शोधायला हवा.

हे भजन म्हणजे झाडाझडती आहे. मनात भक्ती नसताना देवाकडे मागणं मागणाऱ्याला ते टोचतं. मुख्य गायक ओळ टाकतो, मागचे साथीदार ती उचलतात. म्हणजे ज्याच्यावर आरोप, तोच तो स्वतःच्या तोंडानं म्हणतो! कडव्यागणिक मुद्दा पुढे सरकतो, म्हणून धृपद दर वेळी थोडं जास्त बोचतं. हसू येतं, पण स्वतःवरच.

डीजे मिक्समध्ये बहुतेकदा धृपद लूपवर टाकतात आणि कडवी गळतात. युक्तिवाद जातो, घोषणा उरते. साथीदारांची जागा स्पीकर घेतो, त्यामुळे लोकांना म्हणायचं काही राहत नाही, नुसतं नाचायचं. दिखाऊ भक्तीला टोचणारं गाणं थाटामाटाच्या मिरवणुकीत वाजतं आणि कुणालाच टोचत नाही. माझ्या मते खरं नुकसान हे आहे. ठेका तर निव्वळ निमित्त.

अर्थात, मंडळात कधी न बसलेल्या पोरांच्या कानावर हे भजन मिक्समुळेच पडतं. त्यांच्यापर्यंत त्यातलं नेमकं काय पोचलं, हे मात्र घरबसल्या ठरवू नका, त्यांनाच विचारा.

‘मूड बदलला’ हा निष्कर्ष झाला, निरीक्षण नव्हे. वहीत आधी साध्या गोष्टी टिपा: कोण गातं, कोण उत्तर देतं, किती कडवी उरली, धृपद किती वेळा येतं, ऐकणारे बसलेत की नाचतायत. एवढं हातात आलं की मूडबद्दल बोलायला तुमच्याकडे आधार असेल. नाहीतर तो शोधनिबंध नाही, नुसती तक्रार होते.