आभासी जगातील जमीन कोणाची?
'कमिंग ऑफ एज इन सेकंड लाइफ' या ग्रंथाच्या निमित्ताने

इंटरनेटवरील आभासी जगांविषयीचे बरेचसे लेखन दोन टोकांना विभागलेले आढळते. एका टोकाला भविष्यवेत्त्यांचा उत्साह आहे, तर दुसऱ्या टोकाला 'हा सारा पोरखेळ' असा तुच्छतेचा सूर. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ टॉम बोएलस्टॉर्फ यांचा २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने प्रकाशित केलेला ग्रंथ या दोन्ही टोकांपासून अंतर राखतो. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही त्याचा गंभीरपणे विचार करणे आवश्यक ठरते.

सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडेन लॅब या कंपनीने २००३ साली सेकंड लाइफ सुरू केले. फिलिप रोझडेल हे तिचे संस्थापक होत. हा रूढ अर्थाने खेळ नव्हे. येथे जिंकण्या-हरण्याचे नियम नाहीत. घरे, कपडे, बागा, दुकाने हे सारे वापरकर्त्यांनीच रचायचे. 'प्रिम' नावाचे साधे घनाकार तुकडे जोडून वस्तू घडवायची आणि छोटा प्रोग्राम लिहून तिला हालचाल द्यायची, ही तेथील मूळ पद्धत. नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीने या निर्मितीचे बौद्धिक हक्क निर्मात्यांकडेच राहतील असे जाहीर केले. लिंडेन डॉलर हे तेथील चलन खऱ्या डॉलरमध्ये बदलता येऊ लागले आणि या जगाला बाजारपेठेचे रूप आले.

बोएलस्टॉर्फ यांनी २००४ ते २००७ या काळात याच जगात राहून क्षेत्रकार्य केले. मार्गारेट मीड यांनी १९२८ साली सामोआ बेटावरील मुलींविषयी लिहिलेल्या ग्रंथाची आठवण त्यांच्या शीर्षकात मुद्दाम ठेवली आहे. आभासी जगाचा अभ्यास त्याच्याच चौकटीत व्हावा, तेथील माणसांची बाहेरची ओळख शोधत बसू नये, ही त्यांची भूमिका. या भूमिकेमुळे ग्रंथाला मोठे बळ मिळाले आहे. शेजार, मैत्री, भांडण, मालमत्तेची ओढ हे तेथील अनुभव त्यांतून जाणाऱ्या माणसांपुरते खरेच असतात, हे ते पटवून देतात. आभासी म्हणजे खोटे नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष मान्य करावा लागतो.

मात्र ग्रंथाची मर्यादाही याच पद्धतीतून निर्माण होते. कंपनीच्या सत्तेची आणि निर्मितीलाच श्रम मानणाऱ्या भांडवलशाहीची चर्चा लेखकाने केली आहे. परंतु ज्या जमिनीवर हे सारे उभे होते, तिचा कस लागला तो क्षेत्रकार्य संपल्यानंतर. सेकंड लाइफमधील एक पूर्ण भूखंड म्हणजे २५६ मीटर लांब-रुंद चौरस. त्यावर सुमारे १५,००० प्रिम मावत आणि एका वेळी साधारण शंभरच अवतार उभे राहू शकत. प्रत्यक्षात ही जमीन म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरील भाड्याची जागा होय. २००६ च्या अखेरीपासून तिचे मासिक भाडे २९५ डॉलर होते. निर्मितीचे हक्क निर्मात्याचे, पण ती जेथे उभी आहे ती जागा कंपनीची, असा हा व्यवहार होता.

हा विरोधाभास प्रथम न्यायालयात उघड झाला. ब्रॅग विरुद्ध लिंडेन रिसर्च या खटल्यात, जमिनीच्या व्यवहारावरून कंपनीने एका वापरकर्त्याचे खाते बंद केले होते. पेनसिल्व्हेनियातील संघीय न्यायालयाने मे २००७ मध्ये कंपनीच्या करारातील लवादाची अट अन्यायकारक ठरवली. पुढे तडजोड झाल्याने मालकीचा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. शिक्षणसंस्थांना त्याची झळ नंतर बसली. त्यांना भाड्यात निम्मी सवलत होती. ती काढून घेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१० मध्ये जाहीर झाला आणि जानेवारी २०११ पासून अमलात आला. २०१३ साली सवलत पुन्हा सुरू झाली, पण तोपर्यंत अनेक विद्यापीठांनी आपल्या वर्गखोल्या बंद केल्या होत्या. २०११ अखेर इंटरनेटच्या सक्रिय वापरकर्त्यांपैकी ८० टक्के लोक अशा जगांत वावरतील, हे गार्टनर संस्थेने २००७ साली केलेले भाकीतही फोल ठरले.

मुस्लिम समाजाच्या दृष्टीने एक उदाहरण विशेष बोलके आहे. २००७ साली इस्लामऑनलाइन या संकेतस्थळाने सेकंड लाइफमध्ये हजची प्रतिकृती उभारली. इहराम, तवाफ, सई हे विधी क्रमाने समजावून देणे हा तिचा हेतू होता. प्रत्यक्ष हजला ती पर्याय नव्हती. शैक्षणिक साधन म्हणून ही कल्पना निश्चितच उत्तम होती. पण तिचे अस्तित्व भाडे भरणाऱ्यावर आणि भाडे घेणाऱ्यावर अवलंबून होते. वक्फची सर्वसाधारण अट अशी की देणाऱ्याची त्या वस्तूवर मालकी हवी आणि ती वस्तू टिकाऊ हवी. या कसोटीवर आभासी भूखंड मुळीच उतरत नाही. ज्या समाजाने मदरसे आणि ग्रंथालये वक्फच्या आधाराने शतकानुशतके चालवली, त्याला हा फरक समजावून सांगण्याची गरज नसावी.

मग या जगांना भवितव्य नाही काय? तसे म्हणता येणार नाही. सेकंड लाइफ आजही चालू आहे. रोब्लॉक्समध्ये असंख्य मुले स्वतः खेळ रचतात, पण तेथेही जागा कंपनीचीच आहे. याउलट २००७ साली सुरू झालेल्या ओपनसिम्युलेटर या मुक्त प्रणालीत संस्थेला स्वतःचा सर्व्हर वापरता येतो आणि संपूर्ण भूखंड एका फाइलमध्ये जतन करून दुसरीकडे नेता येतो. माइनक्राफ्टचे जगही स्वतःच्या संगणकावर ठेवता येते. येथे गर्दी कमी असेल, तांत्रिक कष्ट जास्त असतील, पण विद्यार्थ्यांचे श्रम संस्थेच्या हाती राहतात.

बोएलस्टॉर्फ यांनी माणसे आभासी जगात कशी राहतात हे दाखवले. ती तेथे कोणाच्या मर्जीने राहतात, या प्रश्नाचे उत्तर नंतरच्या घटनांनी दिले. तेव्हा असे साधन वर्गात आणू पाहणाऱ्या अध्यापकाने चित्रांच्या झगमगाटाआधी तीन गोष्टी तपासाव्यात: रचलेले जतन करून बाहेर नेता येते का, भाडे वाढल्यास दुसरी वाट आहे का, आणि कंपनी बंद पडल्यास विद्यार्थ्याच्या हाती काय उरते. या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तरच तेथे वर्ग बांधण्यात अर्थ आहे.