हरवलेले राज्य आणि ओळखीची वाट

तलवार आणि जादूटोणा यांच्या कथा म्हटल्या की, आपल्याकडील जाणकार वाचक किंचित नाक मुरडतात. आम्हीही त्यांतलेच. म्हणूनच रॉबर्ट ई. हॉवर्ड या अमेरिकन लेखकाची ‘द अवर ऑफ द ड्रॅगन’ ही कादंबरी हाती घेताना आमची अपेक्षा माफक होती. ती खाली ठेवली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, ही कबुली प्रथमच दिलेली बरी.

टेक्सासमधील क्रॉस प्लेन्स या लहानशा गावात राहून हॉवर्डने कोनन या रानटी योद्ध्याच्या अनेक कथा लिहिल्या. त्याच्यावरील कादंबरी मात्र ही एकच. १९३४ मध्ये ती एका ब्रिटिश प्रकाशकासाठी लिहिली गेली. तो प्रकाशक बुडाला, आणि अखेर डिसेंबर १९३५ ते एप्रिल १९३६ या काळात ‘विअर्ड टेल्स’ मासिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, हॉवर्डने आपले जीवन संपविले.

कथानकात नवल असे फारसे नाही. चार कारस्थानी पुरुष एका दिव्य रत्नाच्या बळावर तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या मांत्रिकाला उठवितात. त्याच्या जादूने अक्विलोनियाचा राजा कोनन ऐन लढाईच्या दिवशी लुळा होऊन तंबूत पडतो आणि राज्य गमावतो. मग बंदिवास, सुटका, रत्नाचा शोध, समुद्रप्रवास, पिरॅमिडमधील काळोख आणि अखेरचा रणसंग्राम. प्रत्येक संकटात वेळेवर कुणीतरी मदतीला येते. पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक असते. तरीही पान उलटावेसे वाटते. आपटे, नाथमाधव यांच्या वळणावर वाढलेल्या मराठी वाचकाला हे सुख नवे नाही. हॉवर्डची वाक्ये घोड्याच्या टापांसारखी पडतात, आणि अंधाऱ्या तळघराचे वर्णन त्याच्याइतके दमदार फार थोड्यांना जमले असेल.

परंतु या कादंबरीला केवळ करमणूक म्हणून बाजूला सारता येत नाही, याचे कारण एका उपकथेत आहे. या राज्यात मित्र देवाचा पंथ प्रतिष्ठित, तर असुराचे उपासक बदनाम. त्यांच्याविषयी भयंकर वदंता पसरलेल्या. राजा असताना कोननने पुरोहितांचे न ऐकता या लोकांना छळापासून वाचविलेले असते. राज्य गेल्यावर त्याला आसरा देतात ते हेच उपेक्षित लोक, आणि शेवटी मांत्रिकाचा पराभव होतो तोही त्यांच्या धर्मगुरूच्या हातून. दुर्बळांना दिलेले संरक्षण हीच राजाची खरी तटबंदी, हे लेखक उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता सांगून जातो. नवे साम्राज्य उभारण्याचा सल्लाही कोनन नाकारतो. त्याला आपले राज्य हवे, दुसऱ्याचे नको. रानटी म्हणविणाऱ्याला ही मर्यादा कळते, सुसंस्कृत सरदारांना कळत नाही.

हीच न्यायबुद्धी लेखकाने सर्वत्र दाखविली असती तर! साखळदंड तोडून उठणारे कृष्णवर्णीय वल्हेकरी नायकाचा जयघोष करण्यापुरतेच येतात. त्यांना चेहरा नाही. जिवावर उदार होऊन कोननला तुरुंगातून सोडविणारी झेनोबिया पुढे कथेतून नाहीशी होते आणि शेवटच्या पानावर खंडणी म्हणून मागितली जाते. तिला राणीपद मिळते खरे, पण तिचे मत कुणी विचारत नाही. हा केवळ त्या काळाचा दोष म्हणून सोडून द्यावा, असे आम्हांला वाटत नाही. जो लेखक बहिष्कृत उपासकांचे दुःख जाणतो, त्याला हेही जाणता आले असते.

तरुण वाचकांच्या हाती ही कादंबरी द्यावी का? आमच्या मते, जरूर द्यावी. मात्र वाचून झाल्यावर, त्या वल्हेकऱ्यांचे पुढे काय झाले, एवढे त्यांना अवश्य विचारावे.